मद्यार्कविरहित बिअर : कोणाच्या उपयोगाची?

मोठ्या शहरांतील भांडारांच्या शीतकपाटांत, विमानतळांवरील उपाहारगृहांत आणि अलीकडे कार्यालयीन मेजवान्यांतही एक निराळी बाटली दिसू लागली आहे. रंग, फेस, किंचित कडवट चव, इतकेच काय, झाकण उघडताना होणारा आवाजही बिअरचाच. मात्र वेष्टनावर ठळकपणे '०.०' असा आकडा छापलेला. हायनेकेन कंपनीने आपली '०.०' बिअर २०१७ मध्ये आणली. भारतात 'किंगफिशर रॅडलर' हे मद्यार्क नसलेले पेय २०१८ मध्ये, तर 'बडवायझर ०.०' २०१९ मध्ये बाजारात आले. मद्यार्क म्हणजे आपण बोलताना ज्याला अल्कोहोल म्हणतो तो. नशा आणणारा आणि यकृतापासून मेंदूपर्यंत सर्वत्र अपाय करणारा घटक तोच.

दारू सोडू इच्छिणाऱ्या किंवा आपल्या घरातील कोणी ती सोडावी अशी मनोमन इच्छा बाळगणाऱ्या अनेकांना ही बाटली पाहून साहजिकच वाटते की, हिच्या आधाराने दारू सुटेल का? याचे एकच उत्तर सर्वांना देता येत नाही. बाटलीत काय आहे हे जितके महत्त्वाचे, त्याहून ती कोणाच्या हातात आहे हे अधिक महत्त्वाचे आहे. ज्याला केवळ सवय आहे त्याला हे पेय उपयोगी पडते. ज्याच्या शरीरालाच दारूची गरज लागलेली आहे, त्याने मात्र या बाटलीपाशी पोहोचण्याआधी डॉक्टरांपाशी पोहोचणे आवश्यक आहे. दुर्दैवाने, जाहिरातीत हा भेद कोठेच दिसत नाही.

मोटारचालकांची बिअर

हे पेय वाटते तितके नवे नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. त्या बंदीच्या व्होल्स्टेड कायद्याने अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मादक ठरविले. मद्यनिर्मात्यांनी मग या मर्यादेच्या आत बसणारी 'निअर बिअर', म्हणजे बिअरच्या जवळपासचे पेय, विकण्यास आरंभ केला. लोकांनी ते नाइलाजाने प्यायले. बंदी उठली आणि त्या पेयाचे दिवसही सरले. पण अर्ध्या टक्क्याची ती रेघ मात्र टिकून राहिली. जर्मनीत आजही ०.५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर 'मद्यार्कमुक्त' म्हणून विकली जाते. आपल्याकडेही भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार, आकारमानाने ०.५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेयच मद्ययुक्त पेयाच्या व्याख्येत येते. तात्पर्य, 'मद्यार्कविरहित' आणि 'शून्य मद्यार्क' हे दोन शब्द नेहमीच एका अर्थाचे नसतात. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याचा कंटाळा येथे तरी करू नये.

या पेयाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती जर्मनीत, आणि तीही वाहतुकीच्या नियमांमुळे. पूर्व जर्मनीत वाहनचालकाच्या रक्तात मद्यार्काचा अंशही चालत नसे. म्हणून पूर्व बर्लिनमधील एंगेलहार्ट मद्यशाळेने १९७२ मध्ये 'आउबी' नावाची बिअर काढली. मोटारचालकांची बिअर या अर्थाच्या जर्मन शब्दाचे ते लघुरूप होते. पश्चिम जर्मनीत फ्रँकफर्टच्या बिंडिंग मद्यशाळेची 'क्लाउस्टालर' १९७९ मध्ये आली. बिअर हे जेथे जवळजवळ राष्ट्रीय पेय मानले जाते, त्या देशात आता प्रत्येक दहावी बिअर मद्यार्काविना तयार होण्याची वेळ आली आहे, असे तेथील उत्पादकांची संघटना सांगते.

आखाती देशांत नोकरीनिमित्त राहून आलेल्या मराठी कुटुंबांना मात्र याचे फारसे नवल वाटणार नाही. तेथे सातूच्या माल्टची मद्यार्कविरहित पेये किराणा दुकानांत अनेक वर्षांपासून मिळतात आणि घरोघर पाहुण्यांपुढे ठेवली जातात.

मद्यार्क जातो कोठे?

बिअर म्हणजे मूलतः सातूच्या माल्टचा गोडसर काढा. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले उकळली की कडवटपणा येतो. पुढे यीस्ट घातले की ते काढ्यातील साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायू निर्माण करते. मद्यार्क नको असेल तर दोनच मार्ग उरतात : तो होऊ न देणे किंवा झाल्यावर काढून टाकणे.

पहिल्या मार्गात आंबवण्याची क्रिया अर्ध्यावर थांबवितात, किंवा माल्टमधील मुख्य साखर पचवू न शकणारे विशिष्ट यीस्ट वापरतात. हा मार्ग स्वस्त आहे; मात्र न आंबलेली साखर पेयात राहते आणि चव काढ्यासारखी गोडसर लागते. जुन्या मद्यार्कविरहित बिअरला लोक नाके मुरडत, त्याचे एक कारण हे होते. दुसऱ्या मार्गात नेहमीची बिअर पूर्ण तयार करून मग तिच्यातील मद्यार्क वेगळा करतात. मद्यार्क साधारण ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. पण तेवढी उष्णता दिली तर बिअरचा स्वादही उडून जातो. म्हणून ती निर्वात पात्रात ठेवतात. दाब कमी झाला की मद्यार्क कोमट तापमानालाच वाफ होऊन निघून जातो. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलांतून बिअर दाबून गाळण्याचीही पद्धत आहे; घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात जे तत्त्व असते, तेच येथे वापरले जाते. ही तंत्रे सुधारत गेली, चव बिअरच्या जवळ आली, आणि खप वाढण्यामागे आरोग्याच्या जाणिवेइतकाच या चवीचाही वाटा आहे.

अर्धा टक्का म्हणजे किती, हे आकड्यांत पाहू. ५ टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. तेवढ्याच ०.५ टक्क्याच्या बाटलीत तो १.३ ग्रॅम भरतो. निरोगी प्रौढ माणसाचे यकृत तासाला साधारणपणे ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. म्हणजे त्या बाटलीतील सारा मद्यार्क आठ ते अकरा मिनिटांत निकालात निघतो, आणि पिणाऱ्याला बाटली संपवायला बहुधा त्याहून अधिक वेळ लागतो. निरोगी माणसाला या मात्रेने नशा येणे जवळजवळ अशक्य आहे. पिकलेल्या केळ्यात, पावात आणि फळांच्या रसातही मद्यार्काचा अंश असतोच. एक ग्रॅम मद्यार्कातून ७ किलोकॅलरी मिळतात, त्यामुळे मद्यार्क वगळला की एका बाटलीमागे सुमारे ८० ते ९० किलोकॅलरी टळतात. मात्र काही उत्पादनांत साखर बरीच राहते, याचे भान मधुमेही व्यक्तींनी ठेवावे. गर्भवती स्त्रिया व यकृताचे रुग्ण यांनी अर्धा टक्काही टाळावा, आणि शून्याचा आकडा असला तरी डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

सवय मोडताना

अनेकांचे पिणे तहानेपोटी नसते, नशेपोटीही नसते. ते वेळेशी, जागेशी आणि माणसांशी बांधलेले असते. शनिवारची संध्याकाळ, क्रिकेटचा सामना, महाविद्यालयातील जुने मित्र, कामानिमित्त आलेले पाहुणे. अशा वेळी हातात पेला नसला की माणूस अवघडतो आणि 'तू का नाही घेत?' या प्रश्नाला उत्तर देता देता शेवटी घेतो. आपल्या समाजात आग्रह हा आदरातिथ्याचा भाग मानला जातो; जेवणाच्या पंगतीत तो शोभतो, पेल्याच्या बाबतीत घातक ठरतो. अशा माणसाला मद्यार्कविरहित बिअर खरोखर उपयोगी पडते. हातात बाटली असते, प्रश्न टळतो, संध्याकाळ सरते आणि सकाळी डोके जड होत नाही.

या समजुतीला काही आधारही आहे. ब्रिटनमधील कुटुंबांच्या २०१५ ते २०१८ या काळातील खरेदीच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा असे दिसले की कमी मद्यार्काची व मद्यार्कविरहित बिअर घेणाऱ्या घरांत ती नेहमीच्या मद्यात भर म्हणून आली नव्हती. तिने त्याची काही जागा घेतली होती, आणि घरात येणारा एकूण मद्यार्क घटला होता. त्याच देशात २०१३ पासून 'ड्राय जानेवारी', म्हणजे जानेवारीचा महिना दारूविना काढण्याची मोहीम रुजली आहे. मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. श्रावणात दारू व मांसाहार वर्ज्य करणारी कितीतरी माणसे आपल्या शेजारी असतात. आदल्या अमावास्येला 'गटारी' करून सारी भरपाई आगाऊच करून ठेवण्याची आपली तऱ्हाही प्रसिद्धच आहे! तरीही वर्षातून एक महिना न पिता राहता येते, हा अनुभव मोलाचा असतो. तो महिना सहज गेला की अवघड गेला, यावरून पुष्कळ काही कळते.

आरोग्यदायी पेय म्हणून होणाऱ्या स्तुतीकडे मात्र थोडे सावधपणे पाहावे. २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या २७७ पुरुषांवर एक प्रयोग झाला. काही आठवडे रोज मद्यार्कविरहित बिअर पिणाऱ्या धावपटूंत शर्यतीनंतरचा दाह व सर्दीपडशाचा त्रास कमी आढळला. प्रयोग पद्धतशीर होता. पण त्याला अर्थसाहाय्य एका बिअर कंपनीचे होते, हेही वाचकांना ठाऊक असावे. दारूऐवजी ही बिअर पिणे हितकर. पाण्याऐवजी किंवा ताकाऐवजी ती पिण्याचे काहीच कारण नाही.

जेथे हा आधार पुरत नाही

आता दुसऱ्या गटाकडे वळू. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक बोलका निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी ४९ पुरुषांच्या जिभेवर बिअरचे केवळ काही थेंब सोडले. मात्रा इतकी अल्प होती की नशेचा प्रश्नच नव्हता. तरीही केवळ त्या चवीने मेंदूतील सुखसंवेदनेच्या केंद्रात डोपामिन हे रसायन स्रवू लागले, आणि ज्यांच्या जवळच्या नातलगांत मद्यासक्तीचा इतिहास होता त्यांच्यात हा परिणाम अधिक तीव्र होता. मेंदू वास, चव, फेस व बाटली यांना नशेची पूर्वसूचना समजतो. ज्याने कष्टाने दारू सोडली आहे, त्याच्यासमोर ही पूर्वसूचना रोज ठेवणे म्हणजे विझलेल्या निखाऱ्यावर फुंकर घालण्यासारखे आहे. काहींना याने काही होत नाही, हे खरे. पण आपण त्या काहींत आहोत की नाही, हे आधी कळण्याचा उपाय नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील अनेक जण आपल्या रुग्णांना या पेयापासून दूर राहण्यास सांगतात, ते याच कारणाने.

याहून तातडीची गोष्ट औषधाची आहे. डायसल्फिराम हे औषध आपल्याकडे दारू सोडविण्यासाठी बरेच दिले जाते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधील दोन संशोधक हे द्रव्य जंतांवरील औषध म्हणून स्वतःवर आजमावत होते. त्या काळात मद्य घेताच त्यांचा चेहरा लाल झाला आणि जीव घाबरा झाला, त्यावरून त्याचा हा गुण उमगला. हे औषध चालू असताना मद्यार्क पोटात गेल्यास उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम उतरणे, क्वचित जिवावर बेतणे, असे परिणाम होतात. अर्ध्या टक्क्याच्या बाटलीचाही प्रयोग अशा रुग्णाने करू नये. आणि येथेच एक कळकळीची सूचना : हताश झालेले कुटुंबीय कधीकधी असे औषध रुग्णाच्या नकळत भाजीत वा चहात मिसळतात. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती त्यांना तसे करण्यास प्रवृत्तही करतात. रुग्णाला काही ठाऊक नसते, तो नेहमीसारखा पितो आणि रुग्णालयात पोहोचतो. हेतू कितीही चांगला असला, तरी हे करू नये.

दारू सोडणे म्हणजे एका सकाळी निश्चय करणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. रोज पुष्कळ पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती धोकादायक आहे. वर्षानुवर्षे दारूची सवय झालेले मज्जातंतू, ती एकाएकी तुटली की अनावर होतात. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनाशी होते, ताप चढतो. या अवस्थेला डॉक्टर 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास तिच्यात मृत्यू येऊ शकतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दारूची दुकाने अचानक बंद झाली, तेव्हा केरळात या प्रश्नाने गंभीर रूप घेतले. तेथील शासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला, डॉक्टरांनी त्यास विरोध केला आणि उच्च न्यायालयाने एप्रिलच्या आरंभी त्याला स्थगिती दिली. ही लक्षणे आटोक्यात आणणारी औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने सामान्य रुग्णालयातही उपलब्ध असतात. मद्यार्कविरहित बिअर या अवस्थेत काहीच करू शकत नाही.

आपण कोणत्या गटात आहोत, हे ताडून पाहण्यासाठी डॉक्टर १९८४ पासून चार साधे प्रश्न वापरीत आले आहेत. पिणे कमी करावे असे आपल्याला कधी वाटले आहे काय? आपल्या पिण्यावर कोणी बोलले की आपण चिडता काय? पिण्याबद्दल मनात अपराधी भावना येते काय? सकाळी उठताच हात स्थिर करण्यासाठी वा उतारा म्हणून एखादा घोट घ्यावा लागतो काय? दोन किंवा अधिक प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. चौथ्याला एकट्यालाच होकार असेल, तरीही आपल्या मनाने दारू एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना भेटावे.

आपल्या देशातील चित्र

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी जवळपास २.९ कोटी लोक मद्यावर अवलंबून आहेत. या अवलंबून असलेल्यांत कोणतेही साहाय्य मिळालेले लोक किती? दर ३८ जणांमागे अवघा एक. त्याच अहवालात असेही दिसते की आपल्याकडील पिणाऱ्यांत देशी दारू आणि व्हिस्की-रमसारखी तीव्र मद्ये यांचाच वाटा मोठा आहे. बिअरची नक्कल करणारे महागडे पेय देशी दारूच्या गुत्त्यावर बसलेल्या मजुरापर्यंत पोहोचणार नाही, हे उघड आहे. मद्यार्कविरहित बिअर ही आपल्या देशात तूर्त तरी शहरी, सुस्थित वर्गाची सोय आहे.

तिच्या जाहिरातीचाही एक पदर आहे. दूरचित्रवाणीवर मद्याची जाहिरात करण्यास आपल्याकडे मनाई आहे. त्यामुळे तेच नाव, तेच चिन्ह आणि तोच रंग असलेले निर्मद्य पेय पडद्यावर झळकले की मूळ मद्याचीही आपोआप आठवण होते. अशा आडवळणाच्या जाहिरातींना २०२२ च्या ग्राहक संरक्षणविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. किशोरवयीन मुलांच्या हाती ही बाटली देताना पालकांनी हे लक्षात घ्यावे. तिच्यात मद्यार्क नसला, तरी चवीची व नावाची ओळख ती करून देतेच.

बँकेच्या मासिकात हिशेब आल्यावाचून राहत नाही, म्हणून एक छोटासा. आठवड्यातून चार संध्याकाळी प्रत्येकी ३०० रुपये खर्च होत असतील, तर वर्षाचे ६२,४०० रुपये होतात. हा खर्च घरच्या वहीत सहसा 'किरकोळ' या सदरात बसतो किंवा कोठेच बसत नाही. मद्यार्कविरहित बिअरही फुकट मिळत नाही. सुटलेल्या पैशातील बराचसा भाग तीच घेऊन जाऊ शकते. सोडतानाच तेवढ्या रकमेची मासिक आवर्ती ठेव सुरू करणाऱ्याला निदान आपण काय वाचविले ते दिसते.

साहाय्य कोठे मिळेल?

केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र निवासी उपचार देते. अमेरिकेत १९३५ मध्ये जन्मलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचे समूह देशभर आहेत. तेथे शुल्क नसते, पूर्ण नाव विचारले जात नाही आणि सदस्य फक्त आजच्या दिवसापुरते न पिण्याचे ठरवितात. पत्नी, आई-वडील, मुले यांच्यासाठी अल्-अनॉन हे वेगळे समूह आहेत. रुग्ण उपचारास तयार नसला तरी घरच्यांना तेथे जाता येते.

डॉक्टरांकडे प्रथम जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात : रोज साधारण किती व कोणती दारू घेतली जाते, शेवटची कधी घेतली, पूर्वी सोडताना फिट किंवा भास झाले होते काय, आणि सध्या दुसरी कोणती औषधे चालू आहेत. सोबत घरचे एक माणूस असावे, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा रुग्ण कमी सांगतो. मद्यार्कविरहित बिअर घेतली तर चालेल का, हेही त्याच भेटीत निःसंकोच विचारावे.